मजकूर नंतर देतो

जगात आजवर एकाही गिऱ्हाइकाने वेबसाइटचा मजकूर वेळेवर दिलेला नाही. अपवाद एकच. टिम बर्नर्स-ली या इंग्रज गृहस्थांनी १९९१ साली जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत जगातली पहिली वेबसाइट सुरू केली, ती मात्र पुरी झाली. कारण ती करणारे तेच, मजकूर लिहिणारे तेच आणि गिऱ्हाईक कुणी नव्हतंच. पानावर नुसता मजकूर आणि पुढच्या पानांचे दुवे. लोगो नाही, फोटो नाही, ‘पान उघडल्याबरोबर सनई वाजेल का?’ असं विचारायला कुणी नाही. सर्नने ते पान जपून ठेवलंय. काम फार अंगावर आलं की मी ते उघडतो आणि काही न करता नुसता बघत बसतो.

मी पुण्यात वेब डेव्हलपर आहे. लग्नाकार्यात आई ‘हा कॉम्प्युटरमध्ये असतो’ एवढीच माझी ओळख करून देते आणि समोरचे लगेच खिशातून हँग झालेला मोबाइल काढतात. अशाच एका लग्नात, ऐन जिलबीच्या वेळी, एका मंगल कार्यालयाच्या मालकांनी मला गाठलं. कार्यालय त्यांचंच, त्यामुळे पळून जायच्या सगळ्या वाटा त्यांना माहीत होत्या.

“आमची एक वेबसाइट करून टाका,” काका म्हणाले. “दसऱ्याचा मुहूर्त धरू. साडेतीन मुहूर्तांतला आहे, पंचांग बघायला नको.”

“काका, दसरा तोंडावर आलाय.”

“आमचा भाचा सांगत होता, ती तुमची जावास्क्रिप्ट का काय, ती अख्खी भाषाच म्हणे एकाने दहा दिवसांत केली. मग आमची चार पानं व्हायला काय हरकत आहे?”

भाच्याचं म्हणणं दुर्दैवाने खरं आहे. ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीत बसून जावास्क्रिप्टचा पहिला अवतार दहा दिवसांत उभा केला. ती दहा दिवसांची घाई आम्ही गेली तीस वर्षं निस्तरतोय, एवढंच सांगायचं भाचा विसरला. मी काकांना उदाहरण दिलं. समजा, फॉर्ममध्ये कुणी वरपक्षाची ५०० पानं आणि वधूपक्षाची ५० असं भरलं, आणि हे आकडे आहेत असं त्या भाषेला बजावून सांगितलं नाही, तर ती बेरीज न करता दोन्ही शेजारी शेजारी मांडून मोकळी होते. उत्तर येतं ५००५०.

“पन्नास हजार पन्नास पानं!” काकांचे डोळे लकाकले. “राहू द्या की मग. आचारी आपलाच आहे.”

“ते जाऊ दे. मजकूर कधी देता?”

“मजकूर नंतर देतो. तुम्ही वेबसाइट तर करायला घ्या.”

पानं मांडा, वाढायचं काय ते मागाहून कळवतो, असं त्यांनी स्वतःच्या आचाऱ्याला एकदा सांगून बघावं. झारा फेकून मारील. पण वेब डेव्हलपरच्या हातात झारा नसतो.

आमच्या धंद्यात यावर एक जुना तोडगा आहे. खरा मजकूर येईपर्यंत रिकाम्या जागेत लॅटिनसारखा दिसणारा एक परिच्छेद ओतून ठेवायचा. ‘लोरेम इप्सम’ ही त्याची सुरुवात. सिसेरो नावाच्या रोमन वक्त्याने इसवी सनापूर्वी ४५ मध्ये लिहिलेल्या ग्रंथातला तो उतारा आहे, पुढे कुणीतरी मोडतोड केलेला. मूळ ठिकाणी सिसेरो साधारण असं म्हणतो की, दुःख हे निव्वळ दुःख म्हणून कुणालाच आवडत नाही आणि कुणी आपणहून त्याच्या मागे लागत नाही. मंगल कार्यालयाच्या पहिल्याच पानावर हा विचार शोभतो की नाही, याबद्दल विवाहित मंडळींत मतभेद होतील. मी तो टाकला.

मग साहित्य यायला लागलं. लोगो म्हणून जो फोटो आला, तो भिंतीवरच्या कॅलेंडरचा होता. डावीकडे लोगो, उजवीकडे काकांचा अंगठा आणि खाली ‘ऑगस्ट’. “यापेक्षा स्पष्ट आहे का?” असं विचारल्यावर तोच फोटो वर्डच्या फाइलमध्ये चिकटवून आला. हॉलचे फोटो व्हॉट्सॲपवर आले, त्यामुळे रस्त्यात कुठेतरी त्यांचं वजन इतकं उतरलं की झुंबर कुठलं आणि आहेर घेऊन उभ्या असलेल्या आत्याबाई कुठल्या, हे सांगणं कठीण. त्यातल्या त्यात एक फोटो बरा होता, बोहल्यावरच्या जोडप्याचा. तो मी पहिल्या पानावर लावला. रात्री फोन आला, “तो फोटो काढा हो. त्यांचं सध्या पटत नाहीये.”

यानंतर घरातली समिती बसली. काकूंना सगळीकडे राणी रंग हवा होता. आजोबांना ‘श्री गजानन प्रसन्न’ ही अक्षरं उजवीकडून डावीकडे सरकत राहायला हवी होती. ही सरकती पट्टी इंटरनेट एक्स्प्लोररने आणली. ती वापरू नका म्हणून जाणकार कंठशोष करतात आणि तमाम ब्राउझर आजही ती मुकाट्याने सरकवतात. खुद्द इंटरनेट एक्स्प्लोरर २०२२ च्या जूनमध्ये निवृत्त झाला, पट्टी चालूच आहे. आजोबांपुढे माझं काही चाललं नाही. न्यू जर्सीचे जावई मात्र आधुनिक निघाले. त्यांचा निरोप होता की पानावर भरपूर मोकळी जागा सोडा, डोळ्यांना बरं वाटतं. ऐकून काका खवळलेच.

“मोकळी जागा? पुण्यात चौरस फुटाला काय भाव चाललाय, कल्पना आहे का त्यांना?”

एवढ्या सूचना आल्या, पण त्यात मजकुराची एक ओळ नव्हती. आणि मग एका सकाळी डेक्कन क्वीनला काका भेटले. मला मुंबईत मीटिंग होती, ते दादरला कुणाच्या तरी साखरपुड्याला निघाले होते, म्हणजे दुसऱ्याचा हॉल बघून नावं ठेवायला. आम्ही डायनिंग कारमध्ये जाऊन बसलो. “आज संकष्टी नाही ना?” असं मला विचारून, उत्तराची वाट न बघता त्यांनी ऑम्लेट मागवलं. ही गाडी १ जून १९३० पासून धावते आहे आणि दर १ जूनला प्रवासी पुणे स्टेशनवर केक कापून तिचा वाढदिवस करतात, असं मी कौतुकाने सांगितलं. (रेल्वे हे माझं जुनं वेड आहे. वेळापत्रक मी कादंबरीसारखं वाचतो.) काकांनी विचारलं, “केक प्लॅटफॉर्मवर कशाला? हॉल घेत नाहीत का?”

पण लोणावळा मागे पडलं आणि काका बोलायला लागले. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पाणी माडीच्या कितव्या पायरीला टेकलं होतं, ते. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिलो मिळायची त्या दिवसांत वडिलांनी पंगती कशा उठवल्या, ते. एका नवरदेवाच्या मुंडावळ्या रिक्षात राहिल्या, तर काकूंनी स्वतःच्या अंबाड्यातला गजरा सोडून त्याच्या कपाळाला बांधला आणि भटजी मंगलाष्टकाची ओळ चुकले, ते. मधेच बोगदा यायचा, काका अंधारातही हातवारे करत बोलत राहायचे आणि उजेडात आल्यावर काट्याला लागलेलं ऑम्लेट वाट बघत असायचं. कर्जत आलं तरी त्यांचं ताटलीकडे लक्ष गेलं नव्हतं. मी मोबाइलवर भराभर टिपून घेतलं. मजकूर मिळाला! तोही असा की वाचून लोकांनी लग्न नसताना हॉल बुक करावा.

रात्री तो नीट लिहून काकांना पाठवला. दोन दिवस शांतता. मग फोन.

“हे काय लिहिलंय? हे तर मी बोललेलं आहे.”

“म्हणूनच चांगलं झालंय.”

“छे! वेबसाइटवर असं असतं का? जरा साहित्यिक पाहिजे. मी पाठवतो.”

मराठी माणूस कट्ट्यावर बसून गावाची वंशावळ तोंडपाठ सांगेल. त्याच्या हातात कागद दिला की ‘आमचे येथे’पासून सुरू करतो. काकांचा साहित्यिक मजकूर पत्रिका छापणाऱ्या प्रेसमधून टाइप होऊन आला, म्हणजे जुन्या फाँटमध्ये. हे जुने फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागा बळकावून बसलेले असतात. ज्याच्याकडे तो फाँट नाही त्याला मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि प्रश्नचिन्हं यांची खिचडी दिसते. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला १२८ घरांची स्वतंत्र वसाहत मिळाली, पण आमच्या पेठांतले प्रेसवाले अजून जुनी जागा सोडायला तयार नाहीत, आणि पेठेत भाडेकरू जागा सोडत नाही हे सर्वांना माहीत आहे.

“मला काहीच वाचता येत नाहीये, काका.”

“आमच्याकडे तर व्यवस्थित दिसतंय.”

शेवटी प्रेसमध्ये जाऊन, त्या माणसाच्या खांद्यावरून वाकून वाचलं. ‘आमचे येथे लग्न, मुंज, साखरपुडा, डोहाळजेवण व इतर सर्व मंगल कार्यांकरिता भव्य, प्रशस्त व सुसज्ज वास्तू माफक दरात उपलब्ध.’ तेवढंच. पानशेत नाही, गजरा नाही. एवढ्यासाठी फाँटची लढाई लढलो होतो. आणि तोही छापायची परवानगी मिळाली नाही, कारण ‘माफक’ या शब्दावर घरात एकमत होईना.

फाँटवरून आठवलं. हे माझं दुसरं वेड, आणि रेल्वेपेक्षा घातक. मराठी ल पाकळ्यांचा, मराठी श गाठीचा. पण वेबपान मराठी आहे हे कोडमध्ये ‘एमआर’ अशी दोन अक्षरं टाकून सांगावं लागतं, तेव्हा कुठे चांगला फाँट आपला ल आणि आपला श काढून देतो. न सांगितलं तर हिंदी वळणाचे दांडीवाले येतात. जगाला याने काडीचा फरक पडत नाही. मला जेवण जात नाही. बायकोच्या मामेबहिणीची लग्नपत्रिका हातात आल्या आल्या मी बोलून गेलो, “अरेरे, यात गाठ नाही!” श बद्दल बोलत होतो. वधूमाय तिथेच उभी होती. पुढची दहा मिनिटं बायको सगळ्यांना छत्तीस गुण जुळल्याचं सांगत हिंडत होती.

अशा माणसाने शनिवार-रविवार गडावर जावं, असं घरच्यांचंच मत पडलं. म्हणून नवरात्राच्या आधी राजगड गाठला. गुंजवण्याहून चोर दरवाज्याची वाट, सोनकीने पिवळे झालेले उतार, हवा स्वच्छ. पायथ्याशी एक पाटी दिसली आणि मी थांबलो. बायको म्हणाली, “लोक सूर्योदयाचे फोटो काढतात. याच्या मोबाइलमध्ये नुसत्या ‘येथे कचरा टाकू नये’.”

चोर दरवाज्याच्या खाली कातळाचा टप्पा आहे. रेलिंग धरून एकेकाने चढायचं. मी मधोमध होतो, एक पाय खोबणीत, दुसरा हवेत, आणि खिशातला फोन वाजायला लागला. वरून मित्र ओरडला, “उचलू नकोस!” खोऱ्यात रेंज नसते, नेमकी कड्यावर येते. मी उचलला.

“मला अजून जुनंच दिसतंय,” काका म्हणाले. “राणी रंग आलेला नाही.”

“काका, तुमच्या ब्राउझरने जुनं पान साठवून ठेवलंय. कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकदम दाबा.”

“तिन्ही एकदम? त्याला दोन हात लागतील. मग फोन कोण धरणार? थांबा, हिला बोलावतो.”

काकू आल्या. आजोबाही आले असावेत, कारण मागून ‘पट्टी सरकतेय का?’ असं ऐकू आलं. माझ्या खाली रांग खोळंबली. “ओ दादा, सरका पुढे!” मी म्हटलं, “एक मिनिट, क्लायंट आहे.” आणि काय सांगू, सगळी रांग एकदम मऊ झाली. शनिवारी पुण्याच्या आसपासच्या गडावर चढणाऱ्यांत निम्मे आयटीतले असतात, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

खालचा म्हणाला, “इन्कॉग्निटोमध्ये उघडायला सांगा त्यांना.”

त्याच्या खालची मुलगी म्हणाली, “मधे सीडीएन आहे का? तिथलं पर्ज केलंत?”

“फाइलच्या नावापुढे व्हर्जन नंबर टाकत नाही का तुम्ही?” हा प्रश्न इतक्या खालून आला की विचारणारा मला दिसलाही नाही, पण त्यातला तिरस्कार नीट वर पोचला.

असं राजगडाच्या कड्यावर, एका हाताने रेलिंग धरून, आमचं स्टँडअप भरलं. एकाने तर जाता जाता माझा पगार विचारला. अखेर काकूंनी तिन्ही बटणं दाबली आणि फोनमधून आनंदाची आरोळी आली, “आला, आला, रंग आला!” खालपर्यंत टाळ्या पडल्या. लगेच काका म्हणाले, “पण आता बघितल्यावर वाटतंय, आधीचाच बरा होता.”

फोन ठेवला. पुढे दिवसभर गड बघितला, पण बघणारे डोळे आपलेच. संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी बघून मी हरखून सांगायला लागलो, “बाहेरची पडली तरी आतली चालू! साडेतीनशे वर्षांपूर्वीचा बॅकअप आहे हा. आणि आपण...” बायको म्हणाली, “खाली बघून चाल.”

दसरा उजाडला. वेबसाइटचं उद्घाटन सकाळी ठरलं होतं. खरं तर ती दोन दिवस आधीच सुरू करून ठेवली होती, कारण नवीन पत्ता जगभरच्या यंत्रांना कळायला कधी कधी ४८ तास लागतात आणि या यंत्रांना मुहूर्त कळत नाही. पण हे कुणाला सांगायची सोय नव्हती. चौरंगावर लॅपटॉप, त्याला झेंडूची माळ. काकूंनी हळदकुंकू वाहिलं, ते एंटरच्या बटणावर. आजोबांनी नारळ फोडायला लॅपटॉपशेजारीच हात उगारला तेव्हा मी आयुष्यातली सर्वांत चपळ हालचाल केली. मग नगरसेवकांनी कळ दाबली, गजानन प्रसन्न सरकू लागला, आणि सगळ्यांनी मान वळवून सिसेरो वाचायचा प्रयत्न केला. मजकूर अर्थातच आला नव्हता. ‘माफक’चं भांडण मिटायचं होतं.

“ही कुठली भाषा?” नगरसेवकांनी विचारलं.

“इंटरनॅशनल,” काका म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात काकांचा फोन आला. मला वाटलं, आता तरी मजकूर. आवाज आनंदाने थरथरत होता. बाणेरच्या एका पार्टीने वेबसाइट बघून फोन केला होता. तुमचं पान इटालियनमध्ये आहे, म्हणजे तुमच्याकडे इटालियन जेवणही असणार, असा त्यांचा समज. काकांनी जागच्या जागी ‘आहे’ म्हणून सांगितलं. त्या लग्नात जिलबीच्या शेजारी पास्त्याचा काउंटर लागला, आचाऱ्याने वरून शेव भुरभुरवली आणि म्हणे पहिल्यांदा पास्ताच संपला. तेव्हापासून तीन तारखा अशाच गेल्या.

“त्या परिच्छेदाला आता हात लावायचा नाही,” काकांनी दम दिला. “आणि खाली अजून थोडा वाढवा.”

दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या रोमन वक्त्याने नारायण पेठेत पास्ता खपवला, याची नोंद इतिहासाने घ्यावी. मी काकांच्या डेक्कन क्वीनमधल्या गोष्टी एका फाइलमध्ये जपून ठेवल्यात. मुंडावळ्यांची तर मी आता स्वतःचीच असल्यासारखी सांगतो.

हे सगळं ऐकून तुम्ही माझी स्वतःची वेबसाइट बघायला जाल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. ती आहे. तिचा फाँट मी निवडून निवडून घेतलाय, ल पाकळ्यांचा आहे, श ला गाठ आहे, पान डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडतं. फक्त ‘माझ्याविषयी’ या मथळ्याखाली अजून लोरेम इप्सम आहे. काय लिहावं ते सुचत नाही. एकदा सुरुवात केली होती, ती ‘आमचे येथे सर्व प्रकारच्या वेबसाइट’ अशी झाली, म्हणून पुसून टाकली. तर वाचकांपैकी कुणाला माझ्याविषयी दोन परिच्छेद लिहून देता येत असतील, तर कृपया द्यावेत. योग्य तो मोबदला देईन. युनिकोडमध्ये असावेत एवढीच अट. माझा फोटो हवा असेल तर व्हॉट्सॲपवर पाठवतो.